जावळाआधी लोखंड नको

मुलगा झाला तेव्हा आम्ही नोकरीमुळे कानडी मुलखात, जयलक्ष्मीपुरममध्ये भाड्याने राहत होतो. त्याच्या लघवीचं छिद्र टोकाला नव्हतं, खालच्या बाजूला होतं. डॉक्टरांनी कागदावर आकृती काढून समजावलं. बऱ्याच मुलांत असतं, ऑपरेशनने नीट होतं, फक्त दीड वर्षाच्या आत करून टाका, म्हणजे त्याला काही आठवणार नाही. इतकं साधं होतं.

बाळंतपणासाठी साताऱ्याहून आलेली माझी आई म्हणाली, "जावळ काढल्याशिवाय लेकराच्या अंगाला लोखंड लावायचं नाही. आपल्यात चालत नाही." जावळ कुलदैवतापुढे, तेही पहिल्या नाहीतर तिसऱ्या वर्षी. पहिल्या वर्षीची तयारी झाली आणि माझे वडील गेले. वर्षभर मंगलकार्य बंद. दुसरं वर्ष सम, म्हणून तेही बाद. बायको एकदाच म्हणाली, "आईंना न सांगता करून टाकू या." मी तोंडात मिठाची गुळणी धरून बसलो. ऑफिसात लोकांच्या चुका काढण्याचा पगार घेणारा मी! वडिलांच्या मागे आईला दुखवायचं नाही, असं स्वतःला बजावत होतो. खरं तर मला तिच्याशी भांडायची भीती वाटत होती, आणि त्या भित्रेपणाला मी मातृभक्ती म्हणत होतो.

तिसऱ्या वर्षी वाजतगाजत जावळ झालं. ऑपरेशन झालं तेव्हा मुलगा सव्वातीन वर्षांचा होता. सगळं बोलायचा, सगळं विचारायचा. ऑपरेशनला तो भुलीत होता, खरे हाल ड्रेसिंग बदलताना झाले. तो सारखा हात मध्ये आणायचा, म्हणून नर्सने मला त्याचे हात धरायला सांगितलं. "अळबेडा पुट्टा," ती कानडीत त्याला रडू नको म्हणत होती. तो तिच्याकडे बघतच नव्हता. "बाबा, सोड ना. मी शहाण्यासारखा वागतो," हे तो मला म्हणत होता. मी सोडलं नाही.

काही दिवसांनी टाक्यांपाशी बारीक भोक पडलं आणि लघवी तिथूनही झिरपू लागली. पाचव्या वर्षी परत ऑपरेशन, परत तेच. असं कधीकधी होतं, लवकर केलं असतं तरी झालं असतं कदाचित, डॉक्टर म्हणाले. भला माणूस. पण ते हाल तेव्हा त्याच्या डोक्यात राहिले नसते, हे त्यांनी मला आधीच सांगितलं होतं.

आता तो अकरा वर्षांचा आहे. शाळेतून पाण्याची बाटली भरलेलीच परत आणतो. तलकाडच्या सहलीला गेला नाही. तिथे सगळी मुलं लघवीला वाळूत एका रांगेत उभी राहतात म्हणाला. आई फोनवर विचारते, "देवाचं सगळं रीतसर केलं, तरी लेकराच्या वाट्याला हे का रे?" मी तिला अजूनही काही बोललेलो नाही. आता बोलून उपयोगही नाही.

मागच्या महिन्यात तिसऱ्या ऑपरेशनचं विचारायला आम्ही तिघं गेलो. या वेळी डॉक्टरांनी सगळं मुलालाच समजावलं. त्याने नीट ऐकलं आणि विचारलं, "हे मी बाळ असताना का नाही केलं?"

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. "तेव्हा जमलं नाही," मी म्हणालो. दहा वर्षांत हेच एक वाक्य मी तयार करू शकलो होतो.

"मला आठवतं," तो डॉक्टरांना म्हणाला. "बाबाने धरून ठेवलं होतं." आवाजात तक्रार नव्हती. तक्रार असती तर मी माफी तरी मागितली असती.

डॉक्टरांनी तपासायला पडदा ओढला. मी सवयीने उठून त्याच्या उशाशी जायला निघालो.

"आई थांबेल," तो म्हणाला. "तू बाहेर जा, बाबा."