मामांचं ओलं बोट

आमच्या मामांना वही स्वस्तच हवी, आणि वर शाईपेनची शाई तिच्यात फुटायलाही नको. दुकानात कुणी पेन उघडू देत नाही, म्हणून मामा जिभेवर बोट ओलं करतात, वहीच्या शेवटच्या पानावर टेकवतात आणि पान उलटून बघतात. ओल मागे उतरली की वही नापास. उष्टं पान बघून दुकानदार चडफडतात, पण मामा ढिम्म.

परवा नव्या दुकानात मात्र मालकच डोळे वटारून शेजारी उभा राहिला. मामांनी घाईघाईनं बोट टेकवलं. ओल उतरली नाही! मामा हरखले आणि डझनभर वह्या घेऊन आले. घरी पहिलंच अक्षर काढलं, तर ते कोळ्यासारखे पाय पसरून थेट मागच्या पानावर पोचलं.

"त्या मालकाला बघून तोंडाला कोरड पडली असेल तुमच्या," मामी म्हणाली. "कोरड्या बोटानं कागद भिजणार कसा, कपाळ माझं!"

आता वह्या बघायला मामी जाते. बाटलीतलं पाणी सरळ पानावर शिंपडते, आणि तोंडाला कोरड पडते ती मालकाच्या.