हळदीची व्हीसीडी

डिस्क आत गेली, ड्राइव्हचा हिरवा दिवा जरा लुकलुकला आणि विझला. स्क्रीनवर काहीच आलं नाही. माझ्या खुर्चीमागे उभे असलेले हरेशदादा म्हणाले, "मॅडम, गेली का?"

"थांबा हो, आत्ता कुठे घातलीय."

हरेशदादा आमच्या गेटवर क्लार्क आहेत. द्रोणागिरीला आमचं वेअरहाऊस आहे, बंदरातून आलेले कंटेनर इथे उतरतात. आत येणाऱ्या प्रत्येक कंटेनरचे फोनवर फोटो काढायचे, नंबर, सील, कुठे चेपलाय का, हे त्यांचं काम. माझं काम कॉम्प्युटरचं. आमच्या सगळ्या मशीन लिनक्सवर चालतात, कारण लिनक्स फुकट आहे आणि आमच्या मालकांना फुकट फार आवडतं. डिस्क वाचणारी ड्राइव्ह मात्र आता एकाच मशीनला उरलीय. चौकशीसाठी कोणी कॅमेऱ्याचं फुटेज मागितलं की तिच्यावर डीव्हीडी बनवून देते.

दादांनी आणलेली डिस्क त्यांच्या स्वतःच्या लग्नातल्या हळदीची होती. त्यांची आई जासईची धवलारीण. आगरी लग्नात हळदीपासून पुढे विधींच्या वेळी धवले गातात, ते गायचा मान जिचा ती धवलारीण. आई गेल्या वर्षी गेल्या. आणि आता रविवारी दादांच्या मुलीची, मनालीची हळद होती.

"आयनं पोरीला कबूल केलं व्हतं, तुजे हलदीला मीच धवला म्हननार. आता ती नाय. आवाज तरी पायजे ना मॅडम. तो या डिस्कमदीच हाय, दुसरीकडं कुटं नाय."

"निघेल," मी म्हणून टाकलं. या धंद्यात हा शब्द जपून वापरायचा असतो.

पहिलं काम, दोष डिस्कचा की ड्राइव्हचा हे ठरवणं. लिनक्सला ड्राइव्ह दिसत होती, पण डिस्क दिसत नव्हती. 'नो मीडियम फाउंड' एवढंच म्हणायची, म्हणजे आत काही घातलेलंच नाही! फुटेजची डीव्हीडी घातली, ती लगेच वाचली. मग प्रिंटरबरोबर आलेली एक जुनी सीडी घातली. परत नो मीडियम. दादांची डिस्क सुटली, संशय ड्राइव्हवर आला.

तेवढ्यात सावंतसाहेब आले. हे आमचे मॅनेजर.

"काय चाललंय?"

"ड्राइव्ह चेक करतेय साहेब. डीव्हीडी वाचते, सीडी वाचत नाही."

"हा काय प्रकार? डिस्क घालायची खिडकी एकच ना?"

"खिडकी एक, पण आत लेझर दोन असतात. डीव्हीडीचा वेगळा, सीडीचा वेगळा. सीडीचा थकलाय."

साहेबांनी टेबलावरचं डिस्कचं कव्हर उचललं. त्यावर बदामाच्या आकारात नवरा-नवरीचा फोटो. "आणि हे टेस्टिंगचं सामान?"

दादा खाली बघायला लागले. साहेब गालात हसले. "करा टेस्ट. पण दुपारच्या गाड्यांच्या आत आटपा."

लेन्स पुसून पाहिली, फरक नाही. मग स्टोअरमध्ये भंगारात काढलेल्या मशीनची ड्राइव्ह काढून जोडली. तिचा ट्रे उघडेना. पुढच्या बारीक भोकात सरळ केलेली पेपर क्लिप घातली, ट्रे बाहेर आला. डिस्क घातली. फाइल दिसली! दादांनी हात जोडले, बहुतेक त्या भंगार ड्राइव्हला.

फाइल कॉपी करायला घेतली आणि मध्येच 'इनपुट-आउटपुट एरर'.

"गेलीच ना?"

"नाही. व्हीसीडीची ही खोडच आहे." साध्या सीडीवर वाचताना झालेली चूक दुरुस्त करायला थोडी जास्तीची माहिती साठवलेली असते. व्हीसीडीत ती जागाही व्हिडिओलाच दिलेली असते. नेहमीची कॉपी ती माहिती शोधते, ती मिळत नाही, आणि डिस्क खराब समजून हात वर करते. व्हीसीडीसाठी वेगळा प्रोग्रॅम असतो. तो टाकला, चालवला आणि कॉपी शेवटपर्यंत झाली. मला, खरं सांगते, स्वतःचा फार अभिमान वाटला.

व्हिडिओ लावला. मांडव, लायटिंग, पाटावर बसलेले बारीक मिशीचे हरेशदादा. मग त्यांची आई. डोक्यावरून पदर, हातात हळदीची वाटी. तोंड हलत होतं, मान डोलत होती. आणि स्पीकरमधून येत होतं एक हिंदी सिनेमाचं गाणं.

पुढे नेलं, मागे नेलं. डावा आणि उजवा आवाज वेगळा करून ऐकला. दोन्हीकडे तेच गाणं. शूटिंगवाल्याने मांडवातला आवाज काढून वरून गाणी टाकली होती. तेव्हा तशीच पद्धत होती, आणि लोक हौसेने सांगून टाकून घ्यायचे.

"मूळ कॅसेट?"

"तो कॅसेटी पुसून परत वापरायचा. आता तो पन नाय ऱ्हायला." दादा स्क्रीनकडेच बघत होते. "पन मी ऐकलाय मॅडम आयचा आवाज. ही डिस्क टीवीवर लावायचो तवा..." ते थांबले. "आय खाली बसून म्हनायची. टीवीसंगट. ती समोरच असायची."

त्यांनी खिशातून फोन काढला, पाहिला आणि परत ठेवला. "यात कंटेनरचे फोटो हायेत, मोजता येनार नाय एवढे. आयचा आवाज नाय. फोन धरला की ती पदर तोंडाला लावायची. मी बोललो, ऱ्हाऊ दे, मग कदी तरी काडू."

मला फार वाईट वाटलं. ड्राइव्ह बिघडली होती तर मी दुसरी जोडली. इथे बिघडलेलं काही नव्हतंच.

रविवारी मी वाशीहून जासईला गेले. मोठ्या एलईडी स्क्रीनवर दादांनी तोच व्हिडिओ आवाज बंद करून लावला होता. डीजे गप्प होता. दादांच्या काकींनी, म्हणजे आईंच्या जावेने, स्क्रीनकडे निरखून पाहिलं, ओठांवरून धवला ओळखला आणि तोच धरला. आणखी दोघी-तिघींनी साथ दिली. काही ओळी झाल्या आणि काकी अडखळल्या. "फुडचं तिलाच येत व्हतं," म्हणाल्या. मनाली पाटावर हळदीने माखलेली बसली होती. वर स्क्रीनवर आजीचं तोंड अजून हलत होतं, बराच वेळ.

आता कोणी जुनी डिस्क घेऊन आलं की ड्राइव्हला हात लावायच्या आधी मी एकच विचारते, यातलं माणूस अजून घरात आहे का? आहे म्हणाले, तर डिस्क ठेवून घेते आणि त्यांना आधी घरी पाठवते, त्या माणसाचा आवाज फोनमध्ये भरून घ्यायला.