ऱ्होड्सचा वेढा आणि आमची गॅलरी

दहिसरहून निघालो तो भांडूनच. माझी बायको शालन गेल्याला वर्ष झालं. गिरणीतल्या लोकांसाठी ती खानावळ चालवायची. तिचे मोठाले पितळी टोप गॅलरीत पडलेत. सून म्हणाली, "बाबा, पोळी-भाजी केंद्रवाल्या वंदनाला देऊया ना!" मी म्हटलं, "मलापण देऊन टाक." पोरानं दुसऱ्याच महिन्यात मला म्हाताऱ्यांच्या सहलीत घालून ग्रीसला धाडलं.

बोटीतून ऱ्होड्स बेट दिसलं. म्हटलं, ही तर आमच्याकडची समुद्रकाठची मनोरी, फक्त वर किल्ला बसवलाय. धक्क्यावर एका म्हाताऱ्यानं "कालिमेरा" (सकाळचा नमस्कार) घातला. मी "रामराम" म्हटलं. दोघांचंही काही अडलं नाही.

जेवायला तळलेली बारकी मासळी, आपल्या मांदेलीची चुलत बहीण. सोबत ऑलिव्ह. दिसायला करवंद, खायला शिक्षा. शालन असती तर मसाल्याची पुडी घेऊन आत चुलीपर्यंत गेली असती.

दुपारी जुन्या शहरात दगडी गोळ्यांची रास बघितली. आमची गाईड रश्मी, मुलुंडची, सांगायला लागली, "काका, सिकंदर मेल्यावर त्याचे सरदार राज्यासाठी आपसात भांडले. एका सरदाराच्या पोरानं, डिमिट्रियसनं, ह्या शहराला वर्षभर वेढा घातला. इमारतीएवढा चाकांवरचा लाकडी बुरूज आणला, असले गोळे फेकणारी यंत्रं आणली. शहर काही पडेना. शेवटी तह केला आणि यंत्रं इथंच टाकून गेला."

"म्हणजे ह्यांचीपण गॅलरी भरली."

"ह्यांनी ती यंत्रं विकली आणि सूर्यदेवाचा भलामोठा पुतळा उभारला."

"कुठाय?"

"भूकंपात पडला. साठेक वर्षांतच."

"बघ! तरी म्हटलं, कशाला हात लावायचा?"

"नसता लावला तर लाकूड कुजलं असतं काका. मग मी तुम्हाला आज कसली गोष्ट सांगितली असती, भुशाची?"

पोरगी फटकळ. बंदरावर जाऊन बसलो. पुतळा होता म्हणतात तिथं आता खांबांवर दोन हरणं आहेत. ह्या लोकांनी वैऱ्याचं सामानसुद्धा कामाला लावलं. आणि मी बायकोचे टोप काळवंडत ठेवलेत, वर पोरांवर खेकसतोय.

घरी आलो आणि वंदनाला मीच बोलावलं. भांडं कुणाला रिकामं देऊ नये, म्हणून प्रत्येक टोपात मूठभर तांदूळ घातले. सगळ्यात मोठा उचलताना तिनं विचारलं, "आजोबा, ह्यात किती माणसांचा भात होतो हो?"

जन्मभर त्यातलं जेवलो, कधी विचारलंच नाही.

म्हटलं, "शिजव, आणि मला येऊन सांग."