सिस्टरचे कच्चे कागद

वॉर्डात तिला सगळे सिस्टर म्हणत, आणि घरी नवराही. त्याचं म्हणणं, लग्नानंतर आठच दिवसांनी तिने त्याच्या उशाशी उभं राहून "गोळी घेतलीत का?" असं दरडावलं, तेव्हापासून दुसरी हाक तोंडात बसेना. नोकरीला एकतीस वर्षं झाली. एवढ्या वर्षांत कागदावर खोटं लिहिणं तिला एकदाही जमलं नाही. ताप एकशे दोन म्हणजे एकशे दोनच. मोठ्या डॉक्टरांनी डोळे वटारले तरी तक्त्यावरचा आकडा हलायचा नाही.

पदवी तेवढी राहून गेली होती आणि ते तिला खुपायचं. पंचेचाळिशीत तिने नाव घातलं. सुट्टीच्या दिवशी वर्ग, ड्युट्या बदलून घेऊन परीक्षा. नावनोंदणीची आठ वर्षांची मुदत या उन्हाळ्यात संपत होती आणि उरला होता एकच निबंध. विषय तिनेच निवडला: माणूस जातो तेव्हा घरचे कसे वागतात. यातलं तिला शिकवणारा अजून जन्माला यायचा होता.

नेमकी त्याच वर्षी विद्यापीठाने कंबर कसली. मुलं एआयकडून निबंध लिहून घेतात, म्हणून नियम निघाला. पक्क्या निबंधाला कच्चे मसुदे जोडा, नाहीतर निबंध यंत्राचा धरला जाईल. ईमेल सगळ्यांना गेला. सिस्टर ईमेल उघडायची महिन्यातून एकदा, तोही नातेवाइकांचे फोटो बघायला.

वॉर्डातली शिस्त अशी, की ड्युटी बदलताना रोग्यांची माहिती चिठ्ठ्यांवर टिपायची, वहीत नीट उतरवायची आणि चिठ्ठ्या फाडून टाकायच्या. कुणाचं दुखणं भलत्याच्या हाती पडता कामा नये. निबंधही तिने तसाच लिहिला. अकरा वेळा खाडाखोड केली, बाराव्यांदा पक्का उतरवला आणि कच्चे कागद बारीक फाडून कचऱ्यात टाकले.

निबंध तपासणाऱ्या मॅडम वयाने तिच्या मुलीएवढ्या. बाई वाईट नव्हती, तेच तर वाईट होतं.

"मसुदे कुठायत?"

"फाडले."

"सगळे?"

"फाडायचेच असतात ना?"

मॅडमनी कपाळ चोळलं. "मला पटतंय हो तुमचं. पण प्रत्येक जण फाडलेच म्हणतो. त्यात तुमच्या निबंधात कुठे एक चूक नाही."

"मग तोंडी विचारा. कुठलंही पान काढा."

"नियमात तोंडी नाही."

सिस्टरला हसावं की रडावं कळेना. वर्गातल्या पोरांनी निबंध यंत्राकडून घेतला होता आणि कच्चे मसुदेही यंत्राकडूनच, चुकांसकट. ती सगळी आरामात सुटली होती.

रस्ते दोनच होते. समितीकडे दाद मागायची, तर निकाल सहा महिन्यांनी, आणि तोवर नावनोंदणी संपणार, आठ वर्षं पाण्यात. किंवा यंत्राची मदत घेतली असं लिहून द्यायचं. पहिलीच चूक म्हणून ताकीद, आणि पासापुरते गुण.

"लिहून द्या," मॅडम हळूच म्हणाल्या. "कोण बघतंय ती फाइल?"

सिस्टरने लिहून दिलं. हा निबंध माझा स्वतःचा नाही, खाली सही, तारीख. एकही अक्षर खोडावं लागलं नाही, याचीच तिला पुढे लाज वाटत राहिली.

घरी नवरा दारातच उभा होता. "झालं?"

"झालं."

त्याने घर डोक्यावर घेतलं. चपला काढायच्या आत फोन लावला, "आमची सिस्टर ग्रॅज्युएट झाली!" असं ओरडला आणि फोन तिच्या हातात कोंबला. पलीकडे धाकटी बहीण होती.

"ताई, एवढं काय लिहिलंस गं? मला वाचायला दे ना."

"नको."

"का गं?"

"तो माझा नाही."

बहीण खळखळून हसली. ताईला कधी नव्हे ती थट्टा सुचली, असं तिला वाटलं.