न्हाणीघराची डावी भिंत

आबांना अर्धांगाचा झटका आला, उजवा हात कायमचा गेला, आणि मी त्यांना गावाहून बडोद्याला, नागरवाड्यातल्या माझ्या घरी आणलं. आबा, म्हणजे माझे वडील, सरकारी पागेत घोडेस्वार होते. त्यांना सहीसुद्धा येत नव्हती. महाराजांच्या राज्यात आमच्या लहानशा गावापर्यंत शाळा आली, पुढे शिष्यवृत्ती मिळाली, म्हणून त्यांचा मुलगा पदवीधर झाला आणि बडोद्यात शिक्षकाच्या जागेवर लागला. ते ऋण मी अजूनही मानतो. आबा मात्र रागावले की मला "काय हो बी.ए." म्हणत.

त्यांना रोज मी आंघोळ घालत असे. त्यांचा डावा हात चालत होता, पण भरलेला तांब्या डोक्यापर्यंत जात नसे. उन्हाळ्यात सकाळची शाळा सुरू झाली आणि मी पहाटेच घराबाहेर पडू लागलो. सुनेच्या हातून आंघोळ घेणं आबांना मान्य नव्हतं, आणि आंघोळीशिवाय ते तोंडात घास घालत नसत. मी दुपारी परतेपर्यंत ते ओट्यावर उपाशी बसून राहत.

एक दिवस ते म्हणाले, "मला गावी भावाकडे पोचव. माझ्यापायी सूनबाईही बारा वाजेपर्यंत उपाशी राहते. मला दिसत नाही का ते?"

मी त्यांच्याकडे महिनाभराची मुदत मागितली. आमच्या शाळेतल्या एका शिक्षकांकडे विलायती सामानाचं सचित्र पुस्तक होतं. त्यात न्हाणीघरातल्या फवाऱ्याचं चित्र होतं. तोटी फिरवली की पाणी आपोआप डोक्यावर पडणार, तांब्या उचलायलाच नको. आजव्याच्या तलावाचं पाणी आमच्या नळाला येतच होतं. मी गच्चीवर पत्र्याची टाकी बसवून घेतली, चित्र समोर ठेवून पट्टीने नकाशा काढला आणि एका म्हाताऱ्या गुजराती कडियाला, म्हणजे गवंड्याला, कामाला लावलं.

पूर्वी आम्ही पाटावर बसून अंगावर पाणी घेत असू, त्यामुळे भिंती कमरेपर्यंतच भिजत. आता पाणी वरून उडणार होतं. कडियाने जुना गिलावा खरवडून काढला, चुना आणि विटांच्या भुकटीचा थर दिला आणि त्यावर बारीक पांढरा चुना चढवला. त्या चुन्यात घालायला त्याने गूळ आणि मेथी भिजवलेलं पाणी मागितलं.

"मी बाळंतीण होते तेव्हा घरात एवढी मेथी आली नव्हती," आमच्या मंडळींनी मला ऐकवलं.

मग तो गुळगुळीत दगडाने दिवसभर भिंत घोटत बसे. तिसऱ्या दिवशी तिन्ही भिंती अशा चकाकू लागल्या की मी शेजाऱ्यांना बोलावून दाखवल्या. आबांनाही आणून फवाऱ्याखालच्या पाटावर बसवलं.

आबांनी डावा हात छातीवरून आडवा नेऊन उजव्या भिंतीवरच्या तोटीकडे लांबवला. बोटं वीतभर अलीकडे थांबली. त्यांनी हात खाली घेतला आणि म्हणाले, "झकास झालंय. राजवाड्यात असेल असं." उठताना त्यांनी डाव्या भिंतीवर तळवा टेकला. तो चुन्यावरून सर्रकन घसरला. कडियाने त्यांना वेळेवर धरलं.

आबा खोलीत गेल्यावर कडियाने मला विचारलं, "साहेब, हा फवारा कोणासाठी?"

"आबांसाठी."

"मग तोटी जमण्या हाताला का? काकांचा उजवा हात तर गेलाय."

"चित्रात तशी होती."

"अरे भाई, चित्रातला गोरा साजा-नरवा आहे, धडधाकट!"

आबांचा तो हात मी स्वतः रोज साबणाने धूत होतो, पंच्याने पुसत होतो. नकाशा काढताना मात्र मी फक्त चित्र पाहिलं होतं.

आबांनी आतून ऐकलं असावं. "राहू दे रे," ते म्हणाले. "इतकी सुंदर भिंत फोडू नकोस. मी जाईन गावी."

"फोडा," मी कडियाला म्हणालो.

"डाग राहील, साहेब. जुन्या चुन्याला नवा चुना मिळत नाही."

"राहू दे. आणि तोटीच्या आजूबाजूला घोटू नका. खरबरीत ठेवा, आबांना हात टेकता येईल."

त्याने छिन्नी उचलली. डाव्या भिंतीत नळासाठी खाच पाडली, आबांना पुन्हा पाटावर बसवून त्यांचा हात पोचेल तिथे कोळशाने खूण केली आणि तिथे तोटी बसवली. भोवतीचा गिलावा मळकट आणि खडबडीत राहिला. शेजारच्या काकूंनी "हे अर्धवट का सोडलं?" असं विचारलंही.

चुना वाळायला दहा-बारा दिवस गेले. पहिल्या आंघोळीला मी घरी थांबणार होतो, पण आबांनी "शाळेत जा" म्हणून मला हाकललं. वर्गात माझं लक्ष नव्हतं. दुपारी मी जवळजवळ धावतच घरी आलो. आबा ओट्यावर सुपारी चघळत बसले होते.

"आंघोळ?"

"झाली. जेवणही झालं. तुझी वाट बघत बसू होय?"

आतून मंडळी म्हणाल्या, "आठ वाजता जेवले मामंजी. टाकीत थेंब ठेवला नाही. आता भांडी कशाने घासू?"

"काय हो बी.ए.," आबा म्हणाले, "न्हाणीत खुंटी ठेवायला विसरलात. पंचा दातात धरून उभा होतो. आणि थंडीत हे पाणी सोसायचं नाही, त्याचं काय करायचं ते आत्ताच बघून ठेव."

थंडीला अजून सहा महिने अवकाश होता. मी "हो आबा" म्हणालो आणि जेवायच्या आधीच खुंटीचं सांगायला कडियाच्या घरी निघालो.