बाईच्या केसांच्या मिशा

आमची शाळा मोहाच्या झाडाखाली भरायची. गुरुजींनी प्रत्येकाला एकेक अक्षर वाटून दिलं आणि त्या अक्षराच्या आकारातून जनावर करून आणायला सांगितलं. माझ्या वाट्याला 'व' आला. व वाघाचा. मी घरी येऊन पाटीच आपटली. मला चित्र काढता येत नव्हतं, आणि ससा मिळालेल्या पोरीचा भयंकर राग आला होता.

"रडून काऊन राह्यली? मी आहो ना," बाई म्हणाली. बाई म्हणजे माझी थोरली बहीण. वैशाखात तिचं लग्न होतं, वडशाला द्यायचं ठरलं होतं.

कापडाच्या दुकानातून थान गुंडाळायचा पुठ्ठा आणला. बाईने त्याचा हातभर 'व' कापला. हळद आणि पळसाच्या फुलांचं पाणी मिळून रंग झाला. तिच्या जुन्या लुगड्याचा काळा काठ फाडून, भाताच्या पेजेने चिकटवून पट्टे केले. उभी दांडी म्हणजे शेपूट, आणि गोल पोटात तोंड. डोळ्यांना दोन गुंजा. मिशांसाठी मी झाडूच्या काड्या आणल्या तर तिला हसू आवरेना. "वाघ आहे का झाडू?" म्हणत तिने आपल्या वेणीतले सहा केस उपटले आणि डिंकाने लावले. डोळ्यांत पाणी आलं तिच्या, तरी हसतच होती.

अक्षर झाडाला टांगलं. मग लग्नाची गडबड सुरू झाली. सुट्टी लागली तशी सगळ्यांनी आपापली अक्षरं घरी नेली, माझं तिथेच राहिलं. बाईची बैलबंडी सासरी गेल्यावर चार दिवसांनी मला आठवण झाली. धावत गेले, तर वाघाच्या कपाळावर शेंदूर! जंगलात हरवलेली कुणाची तरी बैलजोडी त्याच झाडाखाली सुखरूप सापडली होती. झालं! पुढ्यात नारळ, उदबत्ती, वर गवताचं छप्परसुद्धा. मी ओढून काढायला गेले तर गुरुजींनीच हात धरला.

"आता तो वाघोबा झाला, पोरी. देवाले कोणी घरी नेते का?"

किती चिडले मी! माझ्या बाईचे केस होते ते, गावाचे नव्हते. पण करते काय? लोक 'गुरं सांभाळ' म्हणून हात जोडायचे. मीही जोडू लागले. रोज एकच मागायची, माझ्या बाईले घरी आण. पोळा गेला, दिवाळी गेली. सासू आजारी, कामं आहेत, असे निरोप तेवढे यायचे. तिची फणी कोनाड्यात तशीच होती. तिच्यावाचून मला करमतच नव्हतं.

वर्षाने आली एकदाची, दोन दिवसांसाठी. बंडी मोहाखाली थांबली. थरावर थर चढून वाघाचा नुसता शेंदराचा गोळा झाला होता, मिशीचा एक केस तेवढा बाहेर दिसत होता. बाई उतरली, पदर डोक्यावर घेतला आणि वाकून पाया पडली. तिने ओळखलंच नाही. अगं, तुझाच केस आहे हा, असं अगदी ओठांवर आलं होतं. पण आधी विचारलं, "काय मागितलं?"

"म्हैस मारकी आहे, सासूले धार काढणं जमत नाई," ती म्हणाली. "मले लवकर घरी जाऊ दे, म्हटलं."

मी तिचं गाठोडं उचललं. त्या केसाचं मी तिला आजतागायत सांगितलेलं नाही.