बाभळीचा शिकंजा
सागाच्या भुशाचा वास आला की अठ्ठ्याहत्तर सालचा पुलगावचा सुतारखाना आठवतो; तिथं मी मिस्त्रीकाकांच्या हाताखाली काम करायचो. गोल आरीच्या सरकत्या टेबलावर फळी हातानंच दाबावी लागे, कारण मालक विकतचे शिकंजे आणत नव्हता. एके दुपारी फळी उसळली आणि मिस्त्रीकाकांची बोटं थोडक्यात वाचली. मी तिथंच मालकाविरुद्ध भाषण ठोकलं. "तुयं भाषण फळी दाबून धरते का बे? तो बोल्ट आण!" काका ओरडले. मग आम्ही टेबलात उभ्या बसवलेल्या बैलबंडीच्या जुन्या बोल्टावर बाभळीचा दांडा बसवला, टोकाखाली टायरचा तुकडा ठोकला आणि नट पिळून फळी आवळली. आरी फिरली, फळी तसूभरही हलली नाही. काका पोटानं टेबल ढकलत दोन्ही हात वर करून टाळ्या वाजवू लागले. "पाहून राह्यला ना? दाही हायेत!" मालकाला जाब विचारणं मी आजही सोडलेलं नाही, त्या दुपारी मात्र भाषण अर्धवट टाकून मीही नाचलो.